एमजीबी मोटारीचा हायड्रॉलिक क्लच

इंग्लंडमधील अ‍ॅबिंग्डन येथे 1962 ते 1980 दरम्यान तयार झालेल्या या स्पोर्ट्स मोटारीत पेडलचा दाब मास्टर सिलिंडरपासून गिअरबॉक्सवरील स्लेव्ह सिलिंडरपर्यंत ब्रेक ऑइलमार्फत पोहोचतो. रिव्हर्स टाकताना खरखर झाली, की संशय क्लच प्लेटवर जातो. ही घाई महागात पडते, कारण प्लेट बदलायला इंजिन उतरवावे लागते. आधी स्लेव्हचे रबरी बूट मागे सारून पाहावे. आत ओल असेल, तर सील गेले. बाहेर गळती नसूनही दाबून धरलेले पेडल हळूहळू खाली बसत असेल, तर दोष बहुधा मास्टरच्या सीलमध्ये. पंप केल्यावर पेडल कडक होत असेल, तर नळीत हवा. पेडलजवळची पिन मात्र हमखास विसरली जाते: तिचे भोक झिजून लांबट झाले, की दट्ट्याची चाल कमी पडते आणि नवे सिलिंडर बसवूनही क्लच पुरता सुटत नाही. सिलिंडरमध्ये गंजाचे खड्डे असल्यास नुसते सील बदलणे व्यर्थ. हवा नेहमीच्या रीतीने निघेना, तर स्लेव्हच्या निपलमधून ऑइल उलटे वर ढकलावे. ऑइल डॉट 4 प्रतीचे घ्यावे. खनिज तेलाने सील फुगतात. सांडलेले ब्रेक ऑइल लगेच धुवावे, नाहीतर बॉनेटखालचा रंग सुटतो.