कुडा येथील वैद्याचे लेणे आणि दुःखनिरोधाचा विचार

अलिबागच्या उत्तरेस असलेल्या किहीमपासून किनाऱ्याने दक्षिणेकडे जाऊ लागले म्हणजे प्रथम चौल व पुढे राजपुरीची खाडी लागते. चौल म्हणजे प्राचीन चेमूल; तेथील दात्यांचा निर्देश कान्हेरीच्या लेखांत येतो. राजपुरीच्या खाडीलगत कुडा येथील डोंगरात इसवी सनाच्या प्रारंभीच्या शतकांतील बौद्ध लेणी आहेत. त्यांतील एका दानलेखाकडे अभ्यासकांचे लक्ष वेधावयाचे आहे.

हे लेणे सोमदेव नावाच्या वैद्याने दिले. त्याचा पिता इसिरखित हाही वैद्य व उपासक होता. दानात सोमदेवाचे तीन पुत्र आणि चार कन्या यांचीही नावे कोरलेली असून एका पुत्रास आजोबांचेच नाव आहे. कुडा येथील इतर दात्यांत माळी व लोखंडाचा व्यापारीही आढळतात.

या दात्यांनी ज्या धर्माचा आश्रय केला त्याचा गाभा चार आर्यसत्यांत आहे: दुःख आहे, तृष्णा हे त्याचे कारण आहे, तृष्णाक्षयाने दुःखाचा निरोध होतो, आणि अष्टांगिक मार्ग हा त्या निरोधाचा उपाय आहे. पाचव्या शतकातील बुद्धघोषाने 'विसुद्धिमग्गा'त या चतुष्टयास रोग, रोगाचे कारण, रोगशमन व औषध यांची उपमा दिली आहे. तथापि बुद्धाने हा क्रम वैद्यकातून घेतला असे तेवढ्यावरून सिद्ध होत नाही. साम्य हा उगमाचा पुरावा नव्हे.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'द बुद्ध अँड हिज धम्म' या ग्रंथाच्या प्रस्तावनेत एक मूलगामी प्रश्न उपस्थित केला. जीवन दुःखमयच असेल तर हा उपदेश निराशावादी ठरतो. मग ही सत्ये मूळ उपदेशातील की भिक्षूंनी मागाहून घातलेली? ग्रंथांच्या कालनिर्णयाचा हा वाद शिलालेखांनी सुटणारा नाही. परंतु त्या उपदेशाच्या छायेत गृहस्थ कसे वागले, एवढे मात्र लेख सांगतात.

सोमदेवाने घर सोडले नाही, व्यवसायही सोडला नाही, असेच लेखावरून दिसते. मुलाबाळांसह त्याने भिक्षूंच्या निवाऱ्यासाठी खडक कोरविला. उपासकाच्या साधनेत दान, शील व भावना असा क्रम सांगितला जातो. 'माझे' म्हणून धरून ठेवलेले हातून सुटणे, ही तृष्णा ओसरण्याची पहिली पायरी होय. दात्याच्या मनात पुण्याची अथवा कीर्तीची इच्छा नव्हतीच, असे मात्र म्हणता येणार नाही. कोरलेले नाव हीदेखील एक आसक्तीच. लेखात आर्यसत्यांचा उल्लेखही नाही.

तेव्हा निष्कर्ष मर्यादितच काढावयास हवा. दुःखाचा सिद्धांत मानणाऱ्या परंपरेने या किनाऱ्यावरील गृहस्थांस संसारातून उठविले नाही; संसारात राहून देण्यास प्रवृत्त केले. निराशावादाच्या आक्षेपाचा विचार करताना ग्रंथांइतकीच या मूक खडकांची साक्षही घेतली पाहिजे.