इओसिनोफिलची कुळकथा

इओसिन हा लालसर गुलाबी रंग 1870 च्या दशकात जर्मनीत तयार झाला तो कापड रंगवण्यासाठी. त्याची रक्ताशी गाठ घालून दिली पॉल अर्लिखने. 1879 साली हा पंचविशीतला डॉक्टर बर्लिनमध्ये काचेवर रक्ताचा थर वाळवायचा, तापवायचा आणि त्यावर एकेक रंग टाकून बघायचा. काही पांढऱ्या पेशींतले दाणे इओसिन टाकताच लालभडक होत. पेशीचं काम काय, हे कळायच्या आत तिचं ‘इओसिनोफिल’ असं बारसं झालं, तेही कापडाच्या रंगावरून!

त्याआधीच, 1872 मध्ये, अर्न्स्ट लायडन या जर्मन डॉक्टरला दमेकऱ्यांच्या कफात दोन्हीकडे निमुळते होणारे स्फटिक दिसले होते. ते याच पेशीतल्या प्रथिनाचे, हे फार उशिरा उमगलं.

पुढे 1918 मध्ये बोस्टनच्या डॉक्टर फ्रान्सिस रॅकमनने दम्याची वाटणी केली: परागकण, धूळ अशा बाहेरच्या कारणाने होणारा एक आणि ज्याचं बाहेर काही कारण सापडत नाही असा दुसरा. वाटणी सोयीची होती, पण इओसिनोफिलने ती जुमानली नाही. दुसऱ्या गटातल्या बऱ्याच रुग्णांच्या कफातही ही पेशी हजर असे. ॲलर्जी नसताना हिला बोलावतं कोण?

ॲलर्जीच्या दम्यात टीएच2 या प्रतिकारशक्तीच्या पेशी परागकण ओळखतात आणि आयएल-5 हा संदेश सोडतात. त्यावर अस्थिमज्जेत इओसिनोफिल वाढतात. 2010 च्या सुमारास आयएलसी2 या प्रतिकारशक्तीच्याच आणखी एका प्रकारच्या पेशी ओळखू आल्या आणि दुसरी वाट दिसली. यांना परागकण ओळखावा लागतच नाही. विषाणूने किंवा प्रदूषणाने श्वासनलिकेचं अस्तर दुखावलं की ते आयएल-33, टीएसएलपी हे संदेश सोडतं, आणि या पेशी तोच आयएल-5 बनवू लागतात.

आयएल-5 अडवणारं मेपोलिझुमॅब हे औषध सुरुवातीला सरसकट दमेकऱ्यांना देऊन पाहिलं, फारसा गुण आला नाही. 2009 मध्ये इओसिनोफिल वाढलेलेच रुग्ण निवडले आणि झटके कमी झाले. 2015 मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. माझ्या मते दोष औषधाचा नव्हता, निवडीचा होता. न्यूट्रोफिल या वेगळ्या पांढऱ्या पेशी वाढलेल्या दम्यात आजही ते कामाचं नाही.

इओसिनोफिलचा आकडा सीबीसी या आपल्या साध्या रक्ततपासणीच्या रिपोर्टमध्येही असतो. जंतांनी तो वाढतो, स्टेरॉइडच्या गोळ्यांनी उतरतो. तेव्हा दमा असेल, तर स्वतःच अर्थ लावत बसू नका. रिपोर्ट डॉक्टरांपुढे ठेवून त्या आकड्याबद्दल जरूर विचारा.