गजर, अलार्मा आणि रेबातो

वर्षभरापासून मी रात्री जेवणानंतर स्पॅनिश शिकतो आहे. चाळिशी उलटलेल्या उर्दू-मराठीच्या मास्तरला हे खूळ कशाला, असे घरचे विचारतात. परवाचा धडा घरातल्या यंत्रांच्या आवाजांवर होता. घड्याळाची 'तिकताक', मायक्रोवेव्हचा 'पितीदो', थरथरणाऱ्या मोबाइलचा 'सुंबीदो'. हे शब्द आवाजावरूनच बनलेले, त्यामुळे पाठ करायला कष्ट नाहीत. मराठीत तीन 'वाजतात', उर्दूत 'बजते हैं', स्पॅनिशमध्ये मात्र टोल पडले की घड्याळ तीन 'देते'. गंमत वाटली.

अडलो ते 'अलार्मा'पाशी. सुरुवातीचे 'अल' पाहून मन हरखले. 711 पासून 1492 पर्यंत स्पेनमध्ये मुस्लिम सत्ता कुठे ना कुठे होतीच, आणि 'आल्गोदोन' म्हणजे कापूस, 'आल्मोआदा' म्हणजे उशी, हे शब्द अरबीच आहेत. पण अलार्मा तसा नाही. 'आल आर्मा', म्हणजे 'हत्यार उचला', ही सैनिकांची आरोळी. ती लॅटिनच्या घरातली. 'अल' दिसले की आपले म्हणून मिरवायची आपल्या लोकांना फार हौस, म्हणून हे मुद्दाम सांगतो.

खरा अरबी शब्द तिथेच शेजारी आहे: 'रेबातो'. धोका आला की घंटा वाजवायची, त्याला 'तोकार आ रेबातो' म्हणतात. हा शब्द 'रिबात'वरून आला. रिबात म्हणजे सरहद्दीवरची गढी. मोरोक्कोच्या रबात शहराचे नावही त्यातलेच. म्हणजे मुसलमानांची स्वारी आली की ख्रिस्ती गावात घंटा घणघणायची, आणि त्या इशाऱ्याला नाव शत्रूच्या भाषेतले!

पुढे ती भाषाच नकोशी झाली. 1567च्या पहिल्या दिवशी ग्रॅनडात राजा दुसरा फिलिप याचे फर्मान जाहीर झाले: तीन वर्षांत कॅस्टिलियन शिका, त्यानंतर अरबी बोलायची-लिहायची नाही, घरातसुद्धा नाही. पुढच्याच वर्षी बंड पेटले. 'अल-अरबिया', म्हणजे अरबी भाषा, हिच्यावरून स्पॅनिशमध्ये 'आल्गाराबिया' शब्द आहे. त्याचा अर्थ आधी अरबी भाषा, मग न कळणारे बोलणे, आणि आज नुसता गोंगाट.

हे वाचले आणि बी.एड.चे वसतिगृह आठवले. मी घरी फोनवर अम्मीशी उर्दूत बोलू लागलो की खोलीतला मित्र म्हणायचा, "झाली याची खुडबुड सुरू." तो मनाने वाईट नव्हता. मीही हसायचो. नंतर मात्र मी फोन घेऊन गॅलरीत जाऊ लागलो.

दुसऱ्या दिवशी वर्गात फळ्यावर लिहिले: गजर, अलार्म, रिबात. रिबातचे मूळ 'रब्त', म्हणजे बांधणे, जोडणे, हे समजावले. मागच्या बाकावरून एक मुलगी म्हणाली, "सर, मग 'राबिता नंबर'मधला राबिता पण यातलाच ना?"

यातलाच. आपण उर्दूत फोन नंबराला तेच तर म्हणतो.