दक्षिण समुद्रांतील तीन लुटी



शाळेंत भूगोल शिकवितांना नकाशाच्या तळाशीं असलेल्या पांढऱ्या पट्ट्यावर छडी ठेवून मी मुलांना सांगत असें, "येथें मनुष्यवस्ती नाहीं." तें खरें होतें, पण मनुष्याचा हात तेथें केव्हांच पोंचला होता, हें सांगावयाचें राहून गेलें. ती उणीव आज भरून काढतों.

सन १७७५ च्या जानेवारींत कॅप्टन कुकनें दक्षिण जॉर्जिया बेटावर पाऊल ठेवलें. तेथील सीलांची वार्ता युरोपांत पोंचली आणि मागोमाग शिकारी लोटले. जेम्स वेडेल या नाविकानें १८२५ मध्यें अंदाज केला कीं, त्या एका बेटावरून निदान १२ लक्ष कातडीं गेलीं असावींत. ही पहिली लूट.

दुसरी देवमाशांची. १९०४ मध्यें लार्सन या नॉर्वेजियन कप्तानानें त्याच बेटावर ग्रिटव्हिकेन येथें तेलाचा कारखाना काढला. १९६५ पर्यंत बेटावरील कारखान्यांत सुमारें पावणेदोन लक्ष देवमासे कापले गेले. त्यांच्या तेलाचे साबण आणि कृत्रिम लोणी युरोपांत घरोघर गेलें. व्यापारी शिकार थांबविण्याचा आंतरराष्ट्रीय ठराव झाला तो १९८२ मध्यें. तोंवर निळा देवमासा तेथें दुर्मिळ झाला होता.

तरीही सील पुन्हां वाढले, कांहीं जातींचे देवमासेही परतले. कारण खाणारे मेले, पण कोठार शाबूत होतें. तें कोठार म्हणजे क्रिल, कोळंबीसारखा करंगळीएवढा जीव. सील, देवमासे, पेंग्विन या सर्वांचें तें अन्न. त्याचीं पिल्लें हिवाळ्यांत समुद्रावरील बर्फाच्या तळाशीं वाढणाऱ्या शेवाळावर जगतात.

तिसरी लूट ह्या कोठाराचीच. मत्स्यखाद्य व औषधी तेल यांसाठीं आतां क्रिल धरतात. १९८२ मध्यें अंमलांत आलेल्या कराराखालीं त्यास मर्यादा आहे. भारतही त्या मंडळाचा सभासद आहे. २०२५ मध्यें ६ लक्ष २० हजार टनांची मर्यादा गांठली गेली आणि हंगाम मुदतीपूर्वीं बंद करावा लागला. दुसरीकडे, २०२३ च्या हिवाळ्यांत तेथील समुद्रबर्फ उपग्रहांची मोजणी सुरू झाल्यापासून कधीं नव्हे इतका कमी झाला.

मागील दोन्ही वेळां कायदा लुटीनंतर आला. ह्या वेळीं तो आधीं आला आहे. पण तो जहाजांना अडवील, उष्णतेला नव्हे. ती आमच्या गिरण्यांतून, मोटारींतून, वीजघरांतून निघते. म्हणून नातवंडांना तो पांढरा पट्टा दाखवितांना "तेथें कोणी राहत नाहीं" एवढेंच सांगून आतां मी थांबत नाहीं.