मोटारीचा दिवा आणि केल्विनचा आकडा

पुणे-नाशिक महामार्गावर मोशीजवळ रात्री समोरून निळसर झोत आला की आपले डोळे दिपतात. असे दिवे विकत घेताना ४३००, ६०००, ८००० केल्विन असे आकडे दिसतात. आकडा मोठा तेवढा उजेड जास्त, असा समज असतो. तो कितपत खरा?

सुरुवातीच्या मोटारींत कार्बाइडवर पाणी सोडून ॲसिटिलीन वायू जाळत. पुढे तारेचे विजेचे दिवे आले, १९६२ साली युरोपात हॅलोजन आला. झेनॉन वायू रॅम्झी आणि ट्रॅव्हर्स यांनी १८९८ सालीच शोधला होता. पण त्याचा दिवा १९९१ साली बीएमडब्ल्यूच्या मोटारीत बसला. त्यात तार नसते. वायूतून विजेची ठिणगी सतत पेटती राहते. ५५ वॅटचा हॅलोजन सुमारे १५०० ल्युमेन उजेड देतो, ३५ वॅटचा झेनॉन सुमारे ३२००.

हा झेनॉन साधारण ४३०० केल्विनचा असतो. लोहाराच्या भट्टीत लोखंड तापताना आधी लाल, मग पिवळे, मग पांढरट दिसते. केल्विनचा आकडा असा रंग सांगतो, उजेड नव्हे. निळा प्रकाश आपल्या डोळ्याला कमी जाणवतो. म्हणून ८००० केल्विनचा दिवा निळा दिसतो, पण रस्ता कमी दाखवतो.

शिवाय हॅलोजनचा परावर्तक तारेच्या जागेनुसार घडवलेला असतो. त्यात झेनॉन बसवला की प्रकाश भलतीकडे फाकतो आणि समोरच्या चालकाला क्षणभर काहीच दिसत नाही. अंतर्गोल आरशाचा पाठ शिकवताना विजेरीचा बल्ब नाभीपासून थोडा सरकवून हे विद्यार्थ्यांना अवश्य दाखवावे.