नगरचें व्याख्यान आणि तरवडीचें पत्र

१९१६ सालीं ३१ मे व १ जून या दिवशीं लोकमान्य टिळकांनीं अहमदनगर शहरीं स्वराज्यावर दोन व्याख्यानें दिलीं. तीं, व त्यापूर्वीं बेळगांवीं दिलेलें एक व्याख्यान, यांवरून त्यांजकडे २०,००० रुपयांचा जातमुचलका मागण्यांत आला. पुढें नोव्हेंबरांत मुंबईच्या हायकोर्टानें तो हुकूम फिरविला व 'होमरूल' हा शब्द महाराष्ट्रांत सर्वतोमुखी झाला.

हा शब्द मूळचा आयर्लंडचा. तेथें १८७९ सालीं मायकेल डॅव्हिट यांनीं पुढाकार घेऊन कुळांची 'लँड लीग' उभारली. तिचे अध्यक्ष पार्नेल हेच पुढल्या वर्षीं होमरूल पक्षाचे नेते झाले. त्यामुळें जमिनीची मागणी आणि स्वराज्याची मागणी तेथें हातांत हात घालून चालल्या.

आमच्या नगर जिल्ह्यांत जमिनीचें दुःख कमी नव्हतें. १८७५ सालीं पुणें व नगर जिल्ह्यांतील शेतकऱ्यांनीं सावकारांचीं कर्जखतें जाळलीं, आणि १८७९ सालींच सरकारला दक्षिणेंतील शेतकऱ्यांसाठीं कायदा करावा लागला. परंतु हें दुःख आठवड्याच्या आठवड्यास मांडणार कोण?

तें काम नेवासें तालुक्यांतील तरवडी या खेड्यानें केलें. कृष्णराव भालेकर यांनीं १८७७ सालीं पुण्यास 'दीनबंधु' काढलें होतें. त्यांचे चिरंजीव मुकुंदराव पाटील यांनीं १९१० सालीं 'दीनमित्र' साप्ताहिक सुरू केलें, आणि तें १९६७ सालापर्यंत, म्हणजे स्वतःच्या अखेरपर्यंत, चालविलें. पत्र काढावयाचें तर पुण्यामुंबईसच, अशी समजूत असतां रेल्वेपासून दूरच्या गांवीं छापखाना थाटून खिळे जुळवावयाचे, हें धाडसच होय.

सत्यशोधक मताच्या या पत्राचा रोख भटजी, सावकार व कुलकर्णी यांच्या सत्तेवर असे. कुलकर्ण्याचें दप्तर हें निरक्षर कुणब्याला न वाचतां येणारें दैव होतें. त्यांत जें लिहिलें जाई तेंच खरें ठरे. मुकुंदरावांनीं १९१३ सालीं 'कुलकर्णी लीलामृत' हें काव्य लिहून त्या दप्तराचा उपहास केला. पांच वर्षांनीं, १९१८ सालीं, शाहू छत्रपतींनीं कोल्हापूर संस्थानांत कुलकर्णी वतन बरखास्त करून पगारी तलाठी नेमले.

राज्य कोणाचें, हा नगरच्या सभेंतला प्रश्न. राज्य आल्यावर दप्तर कोणाच्या हातीं राहणार, हा ब्राह्मणेतर चळवळीचा प्रश्न. आयर्लंडांत हे दोन्ही प्रश्न कांहीं काळ एका व्यासपीठावर नांदले. आमच्याकडे ते परस्परांकडे संशयानें पाहत राहिले. त्या संशयाचा दोष एकाच पक्षावर टाकतां येणार नाहीं. मात्र त्या काळाचा इतिहास लिहितांना केवळ शहरांतल्या पत्रांच्या फायली चाळणारास अर्धीच साक्ष मिळेल. उरलेली अर्धी तरवडीस छापली गेली.