आठाऐवजी सात

११० मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत पहिला अडथळा सुरुवातीच्या रेषेपासून १३.७२ मीटरवर असतो. पुढचे नऊ ९.१४ मीटरच्या अंतराने, आणि प्रत्येकाची उंची १०६.७ सेंटिमीटर. असले अडनिडे आकडे कुणी ठरवले? ते इंग्लंडमधून आले. १८६४ साली ऑक्सफर्ड आणि केंब्रिज मैदानी खेळांत समोरासमोर उभे ठाकले, तेव्हा त्यांत १२० यार्ड अडथळ्यांची शर्यत होती. तिचा जो साचा पक्का झाला त्यात पहिल्या अडथळ्यापर्यंत १५ यार्ड, मग दर १० यार्डांवर एकेक अडथळा, उंची साडेतीन फूट. पुढे शर्यत ११० मीटरची झाली, तेव्हा जास्तीचे काही सेंटिमीटर शेवटच्या अडथळ्यानंतर जोडले गेले. आधीच्या मापांना कुणी हात लावला नाही.

माप हलणार नसेल, तर धावणाऱ्यानेच बदलायचं. १९०० च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये अमेरिकेचा अल्विन क्रॅन्झलाइन पुढचा पाय सरळ ताणून अडथळ्यावरून गेला आणि सुवर्णपदक घेऊन आला. त्याच्यामागून ती रीत सगळीकडे रुळली. दोन अडथळ्यांमध्ये तीन पावलं, हेही ठरून गेलं. राहिले सुरुवातीचे १३.७२ मीटर. तिथे आठ पावलं टाकायची, हा जवळजवळ पाठच होता. ब्लॉकमधून सुटायचं, आठ पावलं मोजायची, पाय उचलायचा. मुलांना हेच शिकवलं जाई आणि विश्वविक्रमवीरही हेच करत.

ही सवय मुळापासून हलवली ती क्युबाच्या डायरॉन रोब्लेसने. त्याच्याआधी कधीच कुणी सात पावलं टाकली नव्हती असं नाही. पण सात पावलांवर जग जिंकता येतं, हे त्याने दाखवलं.

तो आकाशातून पडला नव्हता. क्युबात या शर्यतीचं घराणंच होतं. आलेहांद्रो कासान्यासने १९७६ च्या माँट्रियल ऑलिंपिकमध्ये रौप्य मिळवलं, १९७७ साली सोफियात १३.२१ सेकंदांचा विश्वविक्रम केला आणि १९८० च्या मॉस्कोत पुन्हा रौप्यच पदरी पडलं, तेही सेकंदाच्या शंभराव्या भागाने. मॉस्कोतला तो १३.४० विरुद्ध १३.३९ चा निकाल आजही वाचताना जीव हळहळतो. मग सान्तियागो दे क्युबाचा आनिएर गार्सिया आला. सिडनीत २००० साली बरोबर १३.०० सेकंदांत त्याने देशाचं राहिलेलं सुवर्ण आणलं आणि अथेन्समध्ये कांस्य. गार्सियाचे प्रशिक्षक सान्तियागो अन्तुनेस. त्यांच्याच हाताखाली ग्वान्तानामोचा, १९८६ साली जन्मलेला, चष्मा लावून धावणारा एक सव्वासहा फुटी मुलगा तयार होत होता.

आठाचे सात करणं म्हणजे एक पाऊल गाळणं, इतकं ते सोपं नाही. अडथळ्याच्या साधारण दोन मीटर आधी जमीन सोडायची असते. म्हणजे पळायला मिळतात ११.७ मीटर. आठ पावलांत सरासरी पाऊल १.४६ मीटरचं पडतं, सातांत १.६७ मीटरचं, आणि हे धावपटू वेगात आलेला नसताना, थांबलेल्या स्थितीतून सुटल्या सुटल्या. प्रत्येक पावलाला जमिनीला जास्त वेळ आणि जास्त जोराने रेटावं लागतं. शिवाय पावलांची संख्या समची विषम झाली की पाय बदलतो. पूर्वी जो पाय अडथळ्यावरून आधी जात होता तोच आधी जायला हवा असेल, तर ब्लॉकमधले दोन्ही पाय अदलाबदल करून ठेवावे लागतात. वर्षानुवर्षं घोटलेली सुरुवात मोडून नव्याने शिकायची. त्यात एखादं पाऊल आखूड पडलं, तर साडेतीन फुटांचा अडथळा छातीशी येऊन उभा.

याचा लाभ काय, हे रोब्लेसच्या शर्यतीची चित्रफीत संथ गतीने पाहिली की कळतं. आठ पावलं टाकणाऱ्या उंच धावपटूला पहिल्या अडथळ्याशी पावलं आखडून घ्यावी लागतात, जागा पुरत नाही. रोब्लेस तिथे पूर्ण लांब पावलाने पोचतो, वेग न मोडता. खांदे जवळजवळ एकाच उंचीवर राहतात, चष्मा नाकावरून हलत नाही.

१२ जून २००८ ला ऑस्ट्राव्हात त्याने १२.८७ सेकंद नोंदवले. चीनच्या लिऊ शियांगचा १२.८८ चा विश्वविक्रम एका शतांशाने मोडला. त्याच वर्षी बीजिंग ऑलिंपिकमध्ये दुखापतीमुळे लिऊ प्राथमिक फेरीतूनच माघारी गेला आणि सारं स्टेडियम सुन्न झालं. अंतिम शर्यत रोब्लेसने १२.९३ मध्ये सहज जिंकली. लिऊ नव्हता म्हणून हे यश कमी लेखणारे मला पटत नाहीत. दुसरा आलेला धावपटू जवळपास पाव सेकंद मागे होता. या शर्यतीत ते अंतर प्रचंड असतं.

पुढचं नशीब मात्र कडू. २०११ साली डेगूच्या जागतिक स्पर्धेत रोब्लेस आणि लिऊ शेजारच्या लेनमध्ये होते. लिऊनेही त्याच वर्षी आठ सोडून सात पावलं धरली होती, म्हणजे रोब्लेसचा धडा आता त्याचाच प्रतिस्पर्धी गिरवत होता. शेवटच्या अडथळ्यांपाशी रोब्लेसचा हात लिऊच्या हाताला लागला. रोब्लेस पहिला आला, पण पंचांनी त्याला बाद केलं. क्युबाने दाद मागितली, ती फेटाळली गेली. सुवर्ण जेसन रिचर्डसनला मिळालं. नियमाने निकाल बरोबरच होता, तरी त्या दिवशी सर्वांत वेगवान कोण होता याबद्दल माझ्या मनात शंका नाही. लंडन ऑलिंपिकच्या अंतिम शर्यतीत रोब्लेस स्नायू दुखावून अर्ध्यात थांबला. त्यानंतर त्याने क्युबाचा राष्ट्रीय संघ सोडला आणि मोठ्या स्पर्धांची दारं त्याला जवळजवळ बंदच झाली. ऐन उमेदीची वर्षं अशी गेली, याचं मला खरोखर वाईट वाटतं.

त्याचा विक्रम मोडला अमेरिकेच्या एरिस मेरिटने, ७ सप्टेंबर २०१२ ला ब्रसेल्समध्ये, १२.८० सेकंदांत. मेरिट आधी आठ पावलं टाकायचा. त्या मोसमाआधी हिवाळ्यात त्याने सात शिकून घेतली आणि त्याच वर्षी ऑलिंपिक सुवर्णही जिंकलं. अव्वल धावपटूंमध्ये आता सातच नेहमीची झाली आहेत; आठ टाकणारा दिसला की समालोचक मुद्दाम सांगतात.

क्युबाच्या घराण्याचं पुढे काय झालं? लंडनच्या त्याच अंतिम शर्यतीत ओरलांदो ओर्तेगा हा आणखी एक क्युबन सहावा आला होता. चार वर्षांनी रिओत त्याने रौप्य जिंकलं, स्पेनच्या बनियनमध्ये. सुवर्ण शेजारच्या बेटावर, जमैकाच्या ओमर मॅक्लाउडकडे गेलं आणि २०२१ साली टोकियोत ते हान्सल पार्चमेंटने जमैकातच राखलं.